मीठ अळणी कसं होतं?

माझा पहिला उपदेश गोव्यात, वास्कोतल्या आमच्या छोट्या मराठी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये झाला. वचन होतं बायबलमधलं मत्तय ५:१३, 'तुम्ही पृथ्वीचे मीठ आहा'. मिठाचा खारटपणा गेला तर ते कशाने खारट करावं, असंही त्यातच विचारलंय. वीस मिनिटं मी चवीवरच बोललो. उपासनेनंतर चहा घेताना एका आजोबांनी हाताला धरून बाजूला नेलं. त्यांची उभी हयात पेडण्यात, आगरवाड्याच्या मिठागरात गेलेली. "बाबा, खारटपणा जातो कसा ते सांगितलंच नाहीस."

मला ठाऊक असतं तर सांगितलं असतं ना!

उत्तर त्यांच्याकडेच होतं. उघड्यावरचा ढीग पावसात भिजला की मीठ विरघळून जातं, मागे राहते ती माती. मृत समुद्राकडचं मीठही शुद्ध नसे. ओल लागून खरं मीठ झिरपून गेलं की उरलेलं कुचकामी, असा खुलासा बायबलवर भाष्य लिहिणारे काही टीकाकारही करतात. घरी येऊन लूक १४:३५ उघडलं. तिथं म्हटलंय की असं मीठ ना जमिनीच्या उपयोगाचं, ना उकिरड्याच्या. जमिनीला मीठ कशाला? माडाच्या मुळाशी मीठ घालणाऱ्याला हा प्रश्न पडत नाही. मला पडला, कारण मी सोलापूरचा.

तेव्हापासून शनिवारी रात्री वचन शोधत बसायचं बंद केलं. सोमवारीच उतारा मोठ्याने वाचतो, मागचा-पुढचा अध्याय धरून. कोण कोणाला बोलतंय, हे आधी बघायचं. लूक १५ मधला हरवलेला मुलगा सगळ्यांना पाठ असतो, पण येशूनं ती गोष्ट कुरकुरणाऱ्या परूशांना, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुद्यांना सांगितलीय हे ध्यानात आलं की धाकट्याच्या स्वागतावर रुसलेला थोरला भाऊ एकदम पुढे येतो. मग दोन मराठी भाषांतरं शेजारी ठेवायची. शब्द जिथं वेगळे पडतात तिथं थांबायचं. मिठाच्या वचनात मत्तय आणि लूक जे ग्रीक क्रियापद वापरतात त्याचा मूळ अर्थ 'मूर्ख होणे'. हे समजायला ठीक, व्यासपीठावर मिरवायला नको. नवख्याला ग्रीक फार लवकर चढतं, मलाही चढलं होतं. टीकाग्रंथ शुक्रवारी, सगळ्यांत शेवटी.

गोव्यात १६१६ साली राचोलला फादर स्टीफन्स या मिशनऱ्याचं क्रिस्तपुराण, म्हणजे ख्रिस्ताची कथा सांगणारं काव्य, छापलं गेलं, तेही मराठी ओव्यांत. आपल्याला ओवी जमायची नाही, पण ऐकणाऱ्याच्या ओळखीचा शब्द तरी हवा.

रोजच्या भक्तीत घोळ जास्त, कारण तिथं वचन कॅलेंडरवरून येतं. एका घरप्रार्थनेत मी यिर्मया २९:११ वाचलं, देवाचे संकल्प हिताचे आहेत ते. त्या घरातल्या मुलाला जहाजावर नोकरी हवी होती. वचनाच्या जोरावर मी जवळजवळ शब्दच देऊन बसलो. नोकरी लागली नाही. "मग तो संकल्प गेला कुठं?" आईनं विचारलं, आणि मी खाली बघितलं.

ते वचन यिर्मया संदेष्ट्यानं बाबेलला (बॅबिलोनला) बंदिवान करून नेलेल्या यहुद्यांना लिहिलेल्या पत्रातलं आहे. आदल्याच वचनात सत्तर वर्षं सांगितलीत. ऐकणाऱ्यांतले कितीतरी परतणारच नव्हते. त्याच पत्रात घरं बांधा, मळे लावा, त्या परक्या नगरासाठी प्रार्थना करा असंही आहे. पुढच्या आठवड्यात मी तिच्याकडे पुन्हा गेलो. माझी चूक कबूल केली आणि पत्र सुरुवातीपासून वाचलं. स्वयंपाकघराच्या दाराशी उभं राहून तिनं ऐकलं.

"मळे लावा म्हणतो होय?" ती म्हणाली. "भाड्याच्या खोलीत कढीपत्त्याची एक कुंडी आहे, तेवढीच."