स्क्लेरोथेरपीनंतरचे स्टॉकिंग: आधी करून ठेवायची तयारी

पायांच्या फुगलेल्या शिरांवर स्क्लेरोथेरपी, म्हणजे शिरेत औषध टोचून ती बंद करण्याचा उपचार, करायचे ठरले की सगळे लक्ष इंजेक्शनकडे जाते. प्रत्यक्षात ते काम बहुधा तासाभरात आटोपते आणि पुढे कित्येक दिवस पायावर राहतो तो कॉम्प्रेशन स्टॉकिंगचा, म्हणजे पाय आवळून धरणाऱ्या लवचीक लांब मोज्याचा, दाब. पोलिडोकॅनॉल किंवा सोडियम टेट्राडेसिल सल्फेट यांसारखे औषध शिरेच्या आतल्या अस्तराला इजा करते, आणि बाहेरून दाब असला की शिरेच्या भिंती एकमेकींजवळ राहून आत साचणारे रक्त कमी होते, त्यामुळे पुढे गाठी व तपकिरी डाग यांचा त्रासही कमी होण्याची शक्यता असते.

स्टॉकिंग उपचाराच्या दिवशी धावतपळत आणायची वस्तू नव्हे. ते आधीच घ्यावे आणि माप सकाळी, पायांवर सूज चढण्यापूर्वी, द्यावे. घोट्याच्या वरचा सर्वांत बारीक घेर, पोटरीचा सर्वांत जाड घेर आणि टाचेपासून गुडघ्यापर्यंतची लांबी, तसेच मांडीपर्यंतचे स्टॉकिंग सांगितले असेल तर मांडीचा घेर, ही मापे दोन्ही पायांची वेगवेगळी घ्यावीत. दाबाचा वर्ग डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्यावा, कारण दुकानात केवळ ‘मीडियम’ म्हटल्यास आकार मिळतो, दाब नव्हे. जर्मन मानकानुसार वर्ग 2 म्हणजे घोट्यापाशी 23 ते 32 मिलिमीटर पारा; वर जाताना तो दाब कमी होत जातो. पायांतील धमन्यांचा रक्तपुरवठा कमी असेल, किंवा मधुमेहामुळे तळपायाची संवेदना गेली असेल, तर हाच दाब घातक ठरू शकतो, म्हणून ही माहिती, तसेच पूर्वी रक्ताची गुठळी झाली असल्यास ती, रक्त पातळ करणारी औषधे, गर्भनिरोधक गोळ्या आणि गर्भारपणाची शक्यता, विचारण्याची वाट न पाहता सांगावी.

घरी एकदा घालून पाहावे. स्टॉकिंग टाचेपर्यंत उलटे करून आधी पाऊल बसवावे, मग हळूहळू वर सरकवावे. रबरी हातमोजे घातले तर पकड चांगली येते. वरची कड दुमडू नये, कारण दुमडलेली कड दोरीसारखी आवळते आणि रक्त वर जाण्याऐवजी खालीच अडते. कंबर किंवा गुडघे दुखणाऱ्यांनी घरातल्या कोणाला तरी हे आधीच शिकवून ठेवावे.

पैंजण आणि जोडवी आदल्या दिवशीच उतरवावीत. घट्ट बसलेली जोडवी साबणाच्या पाण्याने निघतात, पण ती धडपड दवाखान्यातल्या टेबलावर करण्यात अर्थ नाही. त्या सकाळी पायांना तेल, क्रीम काही लावू नये, सैल सलवार किंवा पायजमा घालावा, आणि अंगठ्याची चप्पल टाळावी, कारण बोटे झाकणाऱ्या स्टॉकिंगवर ती बसत नाही. परतताना स्वतः गाडी चालवायची नाही असे गृहीत धरून सोबतीला कोणाला तरी न्यावे. स्टॉकिंग बहुधा झोपलेल्या स्थितीतच घालतात आणि नंतर थोडा वेळ चालायला लावतात.

पहिल्या रात्री ते काढायचे की नाही, आंघोळ केव्हा, आणि एकूण किती दिवस, याबाबत डॉक्टरांत एकमत नाही. कोणी दोन-तीन दिवस सांगतात, कोणी दोन-तीन आठवडे. शेजारणीला सांगितलेली मुदत आपल्याला लावू नये, आपली लिहून घ्यावी.

उन्हाळ्यात, विशेषतः विदर्भात, हा दाब सोसणे कठीण जाते. निवड हातात असेल तर दिवाळीनंतरचे महिने बरे. पावसाळ्यात स्टॉकिंग वाळत नाही, त्यामुळे दुसरा जोड हवाच. सौम्य साबणाने हाताने धुवावे, पिळू नये, सावलीत वाळवावे. मांडीपर्यंतचे असल्यास भारतीय पद्धतीच्या शौचालयात बसताना ते घसरते, याचाही विचार करावा. पुढच्या काही आठवड्यांतले लांबचे विमान व बसप्रवास पुढे ढकलावेत, कढत पाण्याने आंघोळ आणि पायांची मालीश थांबवावी; घरच्यांनी प्रेमाने तेल आणले तरी नको म्हणावे.

आपत्काळी फोन करायचा क्रमांक भिंतीवर लावून ठेवावा. बोटे निळी-पांढरी किंवा बधिर झाली तर स्टॉकिंग लगेच काढून फोन करावा. पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. दम लागला, छातीत दुखले, दृष्टी किंवा बोलणे बिघडले तर फोनवर वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठावे.