रीमॅप केलेल्या घरच्या गाडीला टायर घेताय? या चुका टाळा

धुळ्यात मुंबई-आग्रा रोड आणि सुरत-नागपूर रोड एकमेकांना छेदतात. तिथून जवळच माझं टायर आणि अलाइनमेंटचं, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्याचं, दुकान आहे. त्यामुळे चारी दिशांच्या गाड्या रॅम्पवर चढतात आणि चारी दिशांचं शहाणपण फुकटात ऐकायला मिळतं. अलीकडे एका जातीचं गिऱ्हाईक वाढलंय. गाडी घरचीच, सेडान. मागच्या सीटवर पोराचं दप्तर, डिकीत आजोबांची काठी आणि इंजिनाला स्टेज वन रीमॅप, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधलं सेटिंग बदलून घेतलेलं. पॉवर वाढवायला पुण्याला जाऊन पैसे मोजून आलेले असतात. टायरची वेळ आली की म्हणतात, "भाऊ, स्वस्तात काय आहे?"

मी काही धुतल्या तांदळाचा नाही. माझी ऑक्टाव्हिया १.८ टीएसआय कंपनीतून १८० पीएस पॉवरची आली होती आणि मी ती तशी राहू दिलेली नाही. खाली लिहिलेल्या चुकांपैकी सगळ्यात मोठी मी स्वतः केलेली आहे, तिच्यापासूनच सुरुवात करतो.

दोन नवे टायर पुढे टाकणं

या गाड्यांना पुढची चाकं ओढतात. वळवायचं पुढच्यांनी, ब्रेकचा मोठा भारही पुढच्यांवरच. त्यात रीमॅपने टॉर्क, म्हणजे चाकं फिरवणारा जोर, वाढला की पुढचे टायर खोडरबरासारखे झिजतात. पुढचे टकले झाले तरी मागच्यांवर नक्षी शिल्लक असते. मग माणूस दोनच टायर घेतो आणि सांगतो, पुढे टाका. पंक्चरवाला हेच सांगतो, मेकॅनिक हेच सांगतो, मेव्हणाही हेच सांगतो. दुकान टाकायच्या आधी मलाही हेच पटलेलं होतं.

जूनचा पहिला आठवडा. भाचीचा साखरपुडा आटोपून संभाजीनगरहून परत येत होतो. कन्नड घाट उतरायचा, चाळीसगाव आणि मग धुळे. मागे आई आणि बायको, मधे लाडवांचा डबा. पुढचे दोन टायर आठ दिवसांपूर्वी घातलेले, मागच्यांवर नक्षी असेल तीन मिलिमीटर. घाटात मृगाची पहिली सर येऊन गेलेली. वर्षभर ट्रकांनी सांडलेलं तेल, रबराचा चुरा आणि धूळ पहिल्या पावसात वर येते आणि रस्ता साबण होतो. वेग फार नव्हता, चाळीस-पंचेचाळीस असेल. उताराचं डावं वळण, समोरून जीप जरा आत आली, म्हणून मी ॲक्सिलरेटर सोडून ब्रेकवर पाय ठेवला. एवढंच.

पुढची चाकं रस्त्याला घट्ट धरून राहिली आणि मागची बाजू निघून गेली. स्टिअरिंगवर काहीच कळलं नाही, कळलं ते कमरेखाली, कुणी सीट बाजूला ओढल्यासारखं. मीटरवर ईएसपीचा, म्हणजे घसरती गाडी सावरणाऱ्या यंत्रणेचा, पिवळा दिवा फडफडत होता, पण तोही टायरच्याच भरवशावर चालतो. गाडी अर्धी फिरली, डोंगराच्या बाजूच्या गटाराला मागचा बंपर टेकला आणि तोंड कन्नडकडे करून उभी राहिली. दरी दुसऱ्या बाजूला होती, एवढंच आमचं नशीब. गाडीभर लाडू. आईने पदर सावरला आणि विचारलं, "काय व्हयनं रे?" मला उत्तर सुचलं नाही.

ते उत्तर पुढे हा धंदा करताना मिळालं. पुढचा टायर घसरला तर गाडी सरळ जायला बघते, स्टिअरिंग हलकं लागतं, माणूस आपसूक पाय काढतो आणि बहुतेक वेळा ती परत पकडते. मागचा घसरला की गाडी फिरते, आणि फिरलेली गाडी सावरणं घरच्या ड्रायव्हरच्या हातातलं काम नाही. त्यात ब्रेक दाबला की वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात, आणि उतारावर आणखी हलकी. अशा वेळी पाणी कापायला तिथे नक्षीच नसेल तर काय होणार? म्हणून ओढणारी चाकं कुठलीही असोत, दोनच घ्यायचे तर नवे मागे जातात आणि मागचे अर्धे झिजलेले पुढे येतात.

लोक भांडतात. "मग पुढचे लवकर संपतील ना!" संपतील. तेव्हा परत या. माझ्या दुकानात नवी जोडी पुढे बसत नाही, हा नियम आहे. दोघे चिडून शेजारच्या दुकानात गेले. जावोत. मी स्वतः दर सात-आठ हजार किलोमीटरला पुढचे मागे, मागचे पुढे करतो आणि चारही एकदम बदलतो. अर्थात नक्षीवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर चाक त्याच बाजूला ठेवून पुढे-मागे करायचं. बाण उलटा बसवलेली गाडी महिन्यातून एक तरी येतेच.

मोठी रिम, पातळ टायर

हे दुसरं दुखणं, आणि याला वयाची अट नाही. शिरपूरकडचा एक मुलगा १६ इंची काढून १८ इंची रिमा घालून आला होता. बसवून घेतल्या दुसरीकडे, माझ्याकडे फक्त अलाइनमेंटला. गाडी दिसत होती झकास, हे कबूल करतो. तीन आठवड्यांनी परत आला. उजव्या पुढच्या टायरला लिंबाएवढा फुगा आणि आतल्या बाजूने रिमची कड चेपलेली. चोपड्याकडे जाताना एका खड्ड्यात पडला होता, फक्त एका.

हिशेब सोपा आहे. २०५/५५ आर १६ म्हणजे टायरची रुंदी २०५ मिलिमीटर आणि बाजूच्या भिंतीची उंची तिच्या ५५ टक्के, म्हणजे साधारण ११३ मिलिमीटर. त्याने घातलेल्या २२५/४० आर १८ ला ती भिंत ९० मिलिमीटरच उरते. बाहेरून चाक जवळपास तेवढंच दिसतं, पण खड्डा झेलणारं रबर आणि हवा बोटभर कमी झालेली असते. मग रिम आणि खड्ड्याची कड यांच्यात टायरची भिंत चिमटते, आतले दोरे तुटतात आणि तिथून हवा फुगा काढते. फुग्याला पंक्चर नाही, पट्टी नाही. टायर बाद. तरी त्याने विचारलंच, "मामा, हळू चालवला तर चालेल ना?"

उलट्या टोकाचेही आहेत. गाडी खाली घासते म्हणून २०५/६० आर १६ घालतात. चाकाचा व्यास ६३२ वरून ६५२ मिलिमीटर होतो. मीटरवर शंभर दिसतात तेव्हा गाडी १०३ च्या आसपास असते, आणि पैसे देऊन आणलेला पिकअपही थोडा मरतो. गाडी आधीच स्प्रिंग बदलून खाली बसवलेली असेल तर पूर्ण वळवल्यावर आतलं प्लास्टिक घासतं ते वेगळंच.

माझं मत विचाराल तर खान्देशात १६ इंच सोडू नका. तेवढ्याच पैशात त्याच साइजचा वरच्या दर्जाचा टायर येतो, आणि पॉवर रस्त्यावर उतरवायचं काम रबर करतं, रिमचा रंग करत नाही. अगदीच राहवत नसेल तर २२५/४५ आर १७, त्यातही ९४ लोड इंडेक्सचा (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा), आणि रिम किमान ७ इंच रुंद. त्यापुढे गेलात तर माझा नंबर हाताशी ठेवा.

शेवटचं अक्षर न वाचणं

साइजनंतर ९१ व्ही असं काही लिहिलेलं असतं. ९१ म्हणजे एक टायर ६१५ किलो पेलेल. व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटर, एच म्हणजे २१०, टी म्हणजे १९०. "मी कुठे २४० ने पळवतो?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता नुसती मान हलवतो. ते अक्षर टायर वेगात किती उष्णता सोसतो तेही सांगतं. मे महिन्यात ४४ डिग्रीत, पाच माणसं आणि भरलेली डिकी घेऊन, शिर्डीवरून समृद्धीला लागून तासभर १२० ने जाणाऱ्या गाडीला ती ताकद लागते. कंपनीने व्ही दिला असेल तर व्ही किंवा त्याच्या वरचा. हजार रुपये वाचतात म्हणून टी घेऊ नका, आणि रीमॅप केलेल्या गाडीला तर नकोच.

"उन्हाळा आहे, हवा कमी ठेवा"

पेट्रोल पंपावर हवा भरणारे काका हे प्रेमाने सांगतात, "उन्हाया शे भाऊ, हवा कमीच टाक." प्रेम खरं, सल्ला उलटा. हवा कमी असली की भिंत जास्त वाकते, दर फेरीला वाकते आणि त्या वाकण्यानेच टायर तापतो. गाडी पळाली की दाब वाढतोच, साधारण दर पाच-सहा डिग्रीला एक पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), आणि कंपनीने तो धरूनच आकडा दिलेला असतो. तो आकडा थंड टायरचा. माझ्या गाडीत पेट्रोलच्या झाकणाच्या आत स्टिकर आहे, काहींना ड्रायव्हरच्या दाराजवळ असतो. भर दुपारी मालेगावहून येऊन ३७ दिसले म्हणून चार पीएसआय सोडणारा माणूस दुसऱ्या दिवशी पहाटे २९ वर निघतो. मी डॅशबोर्डच्या खणात स्वतःचा गेज ठेवतो आणि सकाळी, चहाच्या आधी बघतो. पंपावरच्या गेजवर माझा विश्वास नाही.

नायट्रोजन भरा की साधी, साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

बाकीच्या चुकांना एवढी जागा देत नाही.

सवलतीचा जुना माल. टायरच्या भिंतीवर लंबगोलात चार आकडे असतात. २३२२ म्हणजे २०२२ सालचा तेविसावा आठवडा. तो बऱ्याचदा एकाच बाजूला छापलेला असतो आणि बसवताना ती बाजू नेमकी आत जाते, म्हणून बसवायच्या आधी वाचा. वर्षापेक्षा जुना मी घेत नाही. सहा वर्षं झाली की नक्षी कितीही असो, काढून टाकतो. आपल्याकडे उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टायरला भेगा लवकर पडतात.

वापरलेले 'इम्पोर्टेड' टायर. नको.

'लाख किलोमीटर चालणारा' टायर मागणं. कडक रबर टिकतं, पण रीमॅप केलेली गाडी दुसऱ्या गिअरलाही जागेवर चाक फिरवते. मग पॉवर कशाला वाढवली होती? अगदी मऊ स्पोर्ट टायरही आपल्या डांबरावर भरभर संपतो. मधला घ्या, ओल्या रस्त्यावर चांगला थांबणारा. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण लोक नाव धरतात आणि साइज चुकीची घेतात.

अलाइनमेंट नंतर करू म्हणणं. झिजलेल्या टायरच्या नक्षीवरून तळवा आडवा फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं टोचलं तर टो, म्हणजे चाकांची तोंडं आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन, बिघडलेला आहे. नवे टायर त्याच गाडीवर घातले तर त्यांचंही तेच होणार. हे मी रोज सांगतो आणि रोज कुणीतरी म्हणतो, "पुढच्या महिन्यात करू."

आता शेवटचं, घाईवाल्यांसाठी. नवा टायर पहिले दोन-तीनशे किलोमीटर जपून चालवायचा असतो, वरचा गुळगुळीत थर जाईपर्यंत पकड पूर्ण मिळत नाही. दुकानातून निघताना रस्त्यावर काळे पट्टे ओढणाऱ्यांना हे कोण सांगणार? चाकाचे बोल्ट हवेच्या गनने करकचून आवळून घेऊ नका. माझ्या ऑक्टाव्हियाला १२० न्यूटन मीटर एवढा जोर लागतो आणि मी तो टॉर्क रेंचनेच लावतो, रेंच टक् वाजला की थांबायचं. शंभर किलोमीटरनंतर परत या, पुन्हा एकदा तपासून देतो, पैसे घेत नाही, असं प्रत्येकाला सांगतो. दहातले दोन येतात. उरलेल्यांपैकी एखाद्याचा फोन लळिंग घाटातून येतो, "भाऊ, चाकातून खडखड आवाज येतोय, धुळ्यापर्यंत येऊ का तसाच?"