एच आणि एल एकाच खोलीत: युनियनमधल्या स्ट्रक्चरचा माझा अनुभव

८०८५ या जुन्या मायक्रोप्रोसेसरचा छोटा एम्युलेटर (त्याची नक्कल करणारा प्रोग्रॅम) सी भाषेमध्ये लिहीत होतो. एचएल ही त्यातल्या रजिस्टरची (प्रोसेसरमधल्या छोट्या साठवण-जागांची) जोडी १६ बिटांची, पण एच आणि एल सुटेही वापरता यायला हवेत. म्हणून युनियन (एकच मेमरी वेगवेगळ्या नावांनी वापरू देणारा सीमधला प्रकार) घेतलं आणि त्यात तीन मेंबर टाकले: १६ बिटांचा एचएल, ८ बिटांचा एल, ८ बिटांचा एच.

एचएलमध्ये हेक्स २०५० भरलं. एलमध्ये ५० आलं, बरोबर. पण २० ऐवजी एचमध्येही ५०! एचमध्ये काही लिहिलं की एल पुसला जायचा. दोन संध्याकाळी मी इन्स्ट्रक्शन डीकोडरच (८०८५ च्या सूचना ओळखणारा कोड) तपासत बसलो. शेवटी एच आणि एलचे मेमरीतले पत्ते प्रिंट केले, तर ते एकच निघाले. युनियनमधला प्रत्येक मेंबर शून्य ऑफसेटपासूनच, म्हणजे युनियनच्या पहिल्या बाइटपासूनच सुरू होतो, त्याला एच तरी अपवाद कसा असेल?

उपाय: एल आणि एच एका स्ट्रक्चरमध्ये (ज्यात मेंबर एकापुढे एक बसतात) गुंडाळून ते स्ट्रक्चर युनियनमध्ये ठेवलं. आता एल ० वर, एच १ वर. माझा लॅपटॉप लिटल एंडियन आहे, म्हणजे संख्येचा खालचा बाइट मेमरीत आधी ठेवतो, म्हणून एल आधी. बिग एंडियन मशीनवर हा क्रम उलटा लागेल.

सी११ (सी भाषेचं २०११ चं स्टँडर्ड) पासून आतल्या स्ट्रक्चरला नाव न देताही चालतं, मग थेट एच लिहिता येतं. मात्र तिथे टॅग (struct शब्दानंतरचं नाव) देऊन व्हेरिएबलचं नाव विसरलात, तर कंपायलर 'या डिक्लरेशनने काहीच डिक्लेअर होत नाही' अशी वॉर्निंग देतो आणि एच सापडतच नाही. ती वॉर्निंग कृपया वाचा.

युनियनचा साइझ २ च आहे, हे आता स्टॅटिक असर्टने, म्हणजे कंपाइल होतानाच तपासतो.