बेसबॉल गेममध्ये पिचिंगला मार पडतोय? डिफिकल्टीला हात लावण्याआधी हे करा

‘एमएलबी द शो’सारख्या गेममध्ये पहिल्या दोन इनिंग्जमध्येच पाच-सहा रन गेले, की बरेच जण थेट डिफिकल्टी खाली आणतात. ही घाई नको. मार पडतो तो दोन कारणांनी: बॉल हवा तिथे जात नाही, किंवा जातो पण कुठे येणार हे बॅटरला आधीच कळलेलं असतं. पहिल्या दुखण्यावर सेटिंगमध्ये औषध आहे, दुसऱ्यावर नाही.

म्हणून तीन इनिंग्ज खेळा आणि प्रत्येक हिटचा रिप्ले बघा. नेम झोनच्या (ज्या चौकटीतून गेलेला बॉल स्ट्राइक धरतात ती) कडेला धरला होता आणि बॉल मध्यावर आला, तर चूक हाताची किंवा सेटिंगची. बॉल नेमावर जाऊनही हिट बसली, तर चूक पिच, म्हणजे टाकायच्या बॉलचा प्रकार, निवडण्यात आहे.

आता सेटिंग. सर्वात आधी डायनॅमिक डिफिकल्टी बंद करा. ती चालू असली की तुम्ही चांगलं खेळताच गेम स्वतःच अवघड होतो आणि कुठल्या बदलाने काय झालं ते कळतच नाही. पिचिंग आणि हिटिंगची पातळी वेगवेगळी ठेवता येते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. हिटिंग ‘ऑल-स्टार’ पातळीवर जमत असेल तर ते तसंच राहू द्या, फक्त पिचिंग एक पायरी खालच्या ‘व्हेटरन’वर आणा.

त्यानंतर स्लायडर. (इथे स्लायडर म्हणजे सेटिंगची सरकपट्टी, त्याच नावाची पिच पुढे येते.) पट्टी 0 ते 10 असते आणि सुरुवातीला 5 वर असते. बॉल नेमापासून भरकटत असेल तर ‘पिचर कंट्रोल’ 6 करा. एका वेळी एकच पट्टी, एकच घर, आणि मग पूर्ण दोन-तीन सामने. चार पट्ट्या एकदम हलवल्या तर नेमका फरक कशाने पडला ते सापडत नाही. ऑनलाइन रँक्ड सामन्यांत या पट्ट्या चालत नाहीत. तिथे सरावच कामी येतो.

पिनपॉइंट पद्धतीत स्टिकने आकृती काढताना बॉल वारंवार भरकटत असेल, तर काही दिवस मीटर वापरा. त्यात ताकद ठरवायची आणि अचूकतेच्या रेषेवर बटण दाबायचं, एवढंच. मीटर लाल भागात नेलं तर वेग वाढतो, पण अचूकता जाते. तो मोह आवरा.

खरी गंमत पिचच्या क्रमात आहे. समजा, तुमचा पिचर उजव्या हाताचा आहे आणि समोर उजवा बॅटर. पहिली पिच फास्टबॉल, बाहेरच्या कडेला खाली. स्ट्राइक मिळाली, काउंट 0-1 (आधी झोनबाहेरचे ‘बॉल’, मग स्ट्राइक). दुसरी स्लायडर, त्याच रेषेतून निघून झोनबाहेर वळणारी. बॅटरने सोडली तर 1-1. तिसरी फास्टबॉल, आत आणि वर. फाउल गेला तर 1-2. आता पुन्हा स्लायडर बाहेर खाली, झोनच्या साधारण दोन बॉल पलीकडे. आत आलेल्या वेगवान बॉलमुळे बॅटरचं टायमिंग पुढे सरकलेलं असतं, त्यामुळे बॅट लवकर फिरते आणि बॉल हुकतो.

2-0 किंवा 3-1 असताना घाबरून फास्टबॉल मध्यावर टाकला जातो आणि होम रन बसतात ते तिथेच. बॅटर फास्टबॉलचीच वाट बघत असतो. अशा वेळी चेंजअप (फास्टबॉलसारखी वाटणारी, पण संथ पिच) झोनच्या खालच्या कडेला टाका. फास्टबॉल ताशी 95 मैलांचा आणि चेंजअप 85 चा असेल, तर हा दहा मैलांचा फरकच कमकुवत ग्राउंडर (जमिनीलगत जाणारा फटका) मिळवून देतो. फरक चार-पाच मैलांचाच असेल तर ही युक्ती फसते; मग त्या पिचरची कर्व्हबॉल (खाली वळत पडणारी पिच) वापरा.

पिचरच्या एनर्जीची पट्टीही बघत राहा. ती उतरली की नेमाभोवतीचं वर्तुळ पसरतं आणि कर्व्हबॉल खाली न पडता वर राहते. रिलीव्हरला (बदली पिचरला) वॉर्मअपसाठी वेळ लागतो, म्हणून पट्टी एक तृतीयांश उरली की लगेच बुलपेनमध्ये (बदली पिचरांच्या सरावाच्या जागी) एकाला तयार करायला घ्या. बेस भरल्यावर फार उशीर होतो.