कोर्टानं मूल तपासायला पाठवलं, तर

नवराबायकोत मुलाच्या ताब्याचा वाद असला की कोर्ट कधी मूल आपल्याकडं, म्हणजे मानसतज्ज्ञाकडं, पाठवतं. आदेश हातात आला की आधी तो नीट वाचा, घरच्यांची कैफियत नंतर ऐका. 'मुलाच्या मानसिक स्थितीबाबत अहवाल द्यावा' हा एक प्रश्न आणि 'ताबा कोणाकडे असावा' हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर न्यायाधीश देतात. आपण त्यांना सामान पुरवायचं. नागपूर, अमरावती, अकोल्याला कौटुंबिक न्यायालय आहे. तिथं १९८४ च्या कायद्यातल्या कलम १२ प्रमाणे तज्ज्ञाची मदत घेता येते. असं न्यायालय जिथं नाही, तिथं हे वाद जिल्ह्याच्या न्यायालयात चालतात आणि बऱ्याचदा १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाखाली. कायदा कोणताही लागो, मुलाचं हित सर्वांत वर. मूल समजत्या वयाचं असेल तर त्याच्या पसंतीचा विचार कोर्ट करू शकतं, पण ती एक बाब झाली. सगळा निकाल काही तिच्यावर लागत नाही.

आदेश नसताना एकटी आई किंवा एकटा बाप मुलाला घेऊन येतो. 'वकीलसाहेबांनी सांगितलंय, एक सर्टिफिकेट द्या.' देऊ नका. उपचार हवे असतील तर जरूर करा, पण ज्याच्यावर उपचार केले त्या घराचं मूल्यमापन नंतर आपण करायचं नाही. दोन्ही कामं एका माणसानं केली की दोन्ही नासतात.

आता भेटीची तारीख. आमच्या यवतमाळकडं दिवाळीच्या आगेमागे कापसाची वेचणी जोरात असते. त्या दिवसांत मजुरीवर जाणाऱ्या बाईला सकाळी दहाला बोलावलं, तिची रोजी बुडवली, वर दोन तास बाकावर बसवलं, तर समोर चिडलेली बाईच दिसणार. मग अहवालात 'आई चिडखोर स्वभावाची' असं येतं आणि तिला ते वर्षानुवर्षं पुरतं. दुपारची वेळ द्या, किंवा बाजाराच्या दिवशी बोलवा. पहिल्या एसटीनं आलेलं पोरगं उपाशी असतं. त्याला आधी काही खाऊ घाला, मग प्रश्न. एका भेटीला मुलाला आईनं आणावं, दुसऱ्या भेटीला बापानं. मूल सोबत कोणाच्या आलं यावर त्याचं बोलणं किती पालटतं, हे दोन्ही भेटी शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही.

मुलाला पहिल्यांदा सांगायचं ते हे: मी सुई टोचणारी डॉक्टर नाही. तू जे सांगशील ते जजसाहेबांना कळू शकतं. कोणाकडं राहायचं हे तुला ठरवायचं नाही, ते मोठ्यांचं काम. 'तुझं माझं गुपित' असलं काही बोलू नका, कारण ते पाळता येणार नाही.

'आई आवडते की बाबा?' हा प्रश्न मी कधीच विचारत नाही. मी विचारते, 'काल सकाळी उठल्यापासून सांग.' कोणी उठवलं, आंघोळीचं पाणी कोणी काढलं, डबा कोणी भरला, ताप आला तेव्हा दवाखान्यात कोण घेऊन गेलं, रात्री कोणाजवळ झोपतोस. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल कोणी सजवून दिला, या एका प्रश्नातून घरातली इतकी माणसं बाहेर येतात की कागद पुरत नाही. आणि उत्तर पुष्कळदा 'बुढी' असतं. आई वेचणीला, बाप ट्रॅक्टरवर, पोर आजीच्या पदराला. म्हणजे कागदावर वाद नवराबायकोचा, पण मुलाचा दिवस दोन आज्यांच्या हातात. तेव्हा त्या आज्यांनाही भेटा. त्यांची नजर, गुडघे, उमेद किती उरली आहे तेही लिहा.

पढवलेलं मूल ओळखू येतं. आठ-नऊ वर्षांचं पोरगं खाली बघत, एका दमात म्हणतं, 'माह्या बाबाची वागणूक बरोबर नाही अन् ते पोटगी देत नाहीत.' मी विचारते, 'पोटगी म्हणजे काय रे?' 'मले का मालूम, मामानं सांगतलं.' पण इथं घाई करू नका. शब्द मामाचे असले तरी भीती पोराची स्वतःची असू शकते. त्याच पोराला 'रात्री जेवायला कोण कोण बसतं?' विचारलं की ते आपल्या शब्दांत सांगतं: 'बाबा पिऊन आले का माय मले शेजारी धाडते.' हे मामानं शिकवलेलं नसतं. एकच प्रश्न दोनदा विचारू नका. लहान मुलाला वाटतं, पहिलं उत्तर चुकलं, आणि ते दुसरं देतं. हो-नाहीचे प्रश्न तर शक्यतो टाळाच.

एका पालकानं दुसऱ्याविरुद्ध मूल फितवलं, असा शब्दप्रयोग हल्ली वकिलांच्या तोंडी फार आहे. सर्वोच्च न्यायालयानंही २०१७ च्या एका निकालात या कल्पनेचा ऊहापोह केला आहे. मात्र डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या अमेरिकन सूचीत असा कुठला आजार नाही. मूल बापाकडं जायला नकार देतं, त्यामागं मारहाण, दारू, आजोळचा दबाव की नुसती सवय, हे एकेक करून तपासा.

चाचण्या मोजक्याच. मालिन यांची मुलांसाठीची बुद्धिमापन चाचणी आणि व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता मापनाचं (मूल रोजची कामं स्वतः किती करतं, ते मोजणारं) भारतीय रूप ही दोन्ही आपल्या नागपूरची देणगी. मूल मंद आहे असा दावा असेल तर ती कामाची, पण त्यांचे निकष कित्येक दशकांपूर्वीचे आहेत, तेवढं ध्यानात ठेवून आकडा लिहा. घर-झाड-माणूस काढायला लावता, तेव्हा पोरानं खिडकीविना घर काढलं म्हणून 'मूल अंतर्मुख' असा अर्थ लावू नका. घरी जाऊन बघा. टिनाच्या त्या खोलीला खिडकीच नसते.

घरभेट दोन्हीकडं, आणि संध्याकाळी. गाडी थांबली की निम्मा मोहल्ला जमतो, कोणी खुर्ची आणतं, कोणी सल्ला. मुलाला बंद खोलीत नेऊ नका. शाळेच्या ओट्यावर बसा: सगळ्यांना दिसेल, कोणाला ऐकू येणार नाही. जिल्हा परिषदेच्या मास्तरांकडून हजेरीपट बघून घ्या. हजेरी कोणत्या महिन्यापासून घसरली, हे कोणत्याही चाचणीपेक्षा जास्त सांगतं. अंगणवाडीताईंना लसीकरणाला कोण यायचं ते विचारा. पोलीसपाटलांकडून माहिती घ्या, मत घेऊ नका. गावात ते कोणाचे तरी साडूच निघतात.

बोलता बोलता लैंगिक अत्याचाराची गोष्ट निघाली तर तिथंच थांबा. खोदून विचारू नका. मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहा आणि पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवा. खरं-खोटं तपासणं त्यांचं काम. न कळवणं हा गुन्हा आहे, म्हणून अहवाल पूर्ण होईपर्यंत थांबू नका.

अहवालात मुलाचं बोलणं वऱ्हाडीतच ठेवा, शुद्ध करायला जाऊ नका. बाप भेटलाच नसेल तर 'वडिलांशी भेट झाली नाही' इतकंच लिहा, त्याच्या स्वभावावर एक ओळही नको. शिफारशी पाळता येण्याजोग्या हव्यात. 'नियमित भेट व्हावी' याला अर्थ नाही. दुसऱ्या शनिवारी सकाळच्या गाडीनं न्यायचं, रविवारी शेवटच्या गाडीआधी आणून सोडायचं, मुलाची देवाणघेवाण शाळेत करायची, गर्दीच्या बसस्टँडवर नाही, दिवाळीची आणि उन्हाळ्याची सुट्टी अर्धी-अर्धी, फोन कोणाच्या मोबाइलवर आणि किती वाजता, असं लिहा.

उलटतपासणीत वकील विचारणारच, 'मूल पढवलेलं नव्हतं, हे छातीठोकपणे सांगता का?' 'नाही. मी काय ऐकलं आणि काय पाहिलं ते सांगते,' एवढं म्हणून गप्प बसा. जाताना मूळ चित्रं सोबत न्या, प्रत्येकावर तारीख घातलेली. झेरॉक्समध्ये पेन्सिलीची रेघ नीट उमटत नाही.