गोधडीला ब्यूटी मोड लावू नका: फोटो एडिटिंग ॲप निवडताना या चुका टाळा

मागच्या वर्षी पुण्याला पाठवलेली एक गोधडी आठ दिवसांत जळगावला परत आली. टाके नीट, कापड मऊ, वासबीस काही नाही. तक्रार एकच: फोटोत लालभडक दिसली, हातात आली ती मरून. मोठ्या जाऊबाईंनी ती मांडीवर घेतली, माझ्या मोबाइलवरचा फोटो पाहिला आणि म्हणाल्या, "हाऊ रंग आपला नही शे." फोटो मीच काढला होता, तयार फिल्टरही मीच लावला होता. जाण्यायेण्याचं कुरिअर अंगावर पडलं ते वेगळंच.

बचत गटातल्या बायका मला विचारतात, "ताई, फोटोसाठी कोणतं ॲप भारी?" सेल्फीला भारी असलेलं ॲप गोधडीला हमखास घात करतं, हे मी पैसे मोजून शिकले. आपल्याला वस्तू सुंदर करणारं ॲप नको, आहे तशी दाखवणारं हवं.

ब्यूटी मोड चालू राहणे

चेहऱ्यावरच्या बारीक रेघा पुसणं हे ब्यूटी मोडचं काम. काही ॲप चेहरा आहे की कापड हे न बघता सगळ्या फोटोवरून सरसकट हात फिरवतात. मग धावदोऱ्याचा टाका सुरकुती समजून पुसला जातो आणि हाताने शिवलेली गोधडी कारखान्यातल्या चादरीसारखी गुळगुळीत दिसते. गिऱ्हाईक पैसे देतं ते त्या टाक्यांचे! केळीच्या धाग्याची पर्स, धडगावकडची बांबूची टोपली, सगळ्यांचं तेच. टाके दिसेनासे झाले की आधी मोबाइलच्या कॅमेऱ्यातलंच ब्यूटीचं बटण तपासा, ॲपला दोष नंतर.

आणि जुनं कुठलं तरी ॲप कोणी फाइल पाठवून मोबाइलमध्ये टाकून देत असेल तर घेऊ नका. जून 2020 मध्ये सरकारने बंदी घातलेल्या 59 ॲपमध्ये चेहरा गोरा करणारी काही ॲपही होती. ती अशीच हातोहात फिरत राहतात.

रंग सॅच्युरेशनने सुधारायला जाणे

सगळ्यात जास्त फोटो इथे बिघडतात. फोटो फिका दिसला की आपण सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा भडकपणा, ओढतो. लाल रंग आधी पेटतो, मग त्यातल्या घड्या, टाके सगळं एकाच लाल डागात बुडतं. खरा दोष बहुतेक वेळा व्हाइट बॅलन्सचा असतो, म्हणजे दिव्याच्या रंगामुळे पांढरं पांढरं दिसत नाही. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा जितका कमी तितका उजेड पिवळा: पिवळा बल्ब साधारण 2700 केल्विनचा, पांढरी ट्यूब 6500 च्या आसपास. बल्बखाली मोरपंखी हिरवट होतो, ट्यूबखाली मरून थंड पडतो. दोन्ही एकदम चालू असतील तर एक बाजू पिवळी, एक निळी. तो फोटो सुधारत बसू नका, दिवे बंद करून खिडकीशी नव्याने काढा.

मी आता असं करते. गोधडीच्या कोपऱ्यावर साध्या पांढऱ्या कागदाचा तुकडा ठेवून पहिला फोटो काढते. स्नॅपसीड या ॲपमध्ये व्हाइट बॅलन्स उघडला की ड्रॉपरचं चिन्ह मिळतं, ते त्या कागदावर टेकवते. कागद पांढरा झाला की बाकीचे रंग आपोआप जागेवर येतात. कागदाचा कोपरा शेवटी कापून टाकायचा. त्यानंतर फार तर उजेड थोडा वाढवायचा आणि हात आवरायचा. स्नॅपसीड गूगलचं, फुकट, मध्येच जाहिरात येत नाही, आणि काय काय बदललं ते मागे जाऊन पाहता येतं. नवख्या माणसाला मी तेच सांगते.

रंग तरीही चुकतोय? मग आजूबाजूला बघा. हिरव्या भिंतीशी काढलेल्या फोटोत पांढरा दोराही हिरवट येतो. निळ्या ताडपत्रीच्या सावलीत तर विचारूच नका. आपल्याकडचं उन्हाळ्याचं ऊन सकाळी दहालाच डोळ्यांत खुपतं, त्यात फोटोतलं पांढरं कापड नुसतं पांढरंफटक येतं. ओट्याची सावली, सकाळची वेळ, बास.

फोटोवर धुकं दिसत असेल तर ॲप उघडूच नका, लेन्स पुसा. भरिताचा तेलकट हात मोबाइलला लागला की असंच होतं.

बॅकग्राउंड एका टिचकीत उडवणे

सोय चांगली, पण केळीच्या धाग्याचे सुटे केस, गोंडे, टोपलीच्या विणीतल्या फटी ती बेधडक कापते. फटीतून मागची चटई तशीच राहते आणि वस्तू कात्रीने कापून चिकटवल्यासारखी दिसते. अशा वस्तूंसाठी मागे पांढरी चादर लावणं सोपं. अॅमेझॉनच्या मुख्य फोटोला मात्र शुद्ध पांढरं बॅकग्राउंड लागतं, वस्तूने 85 टक्के चौकट भरायला हवी आणि मोठं करून पाहता यावं म्हणून मोठी बाजू किमान 1000 पिक्सेल. तिथे कडा बोटाने दुरुस्त करता येतील असंच साधन घ्या. कॅनव्हा या डिझाइनच्या ॲपमधलं बॅकग्राउंड काढायचं बटण पैसे भरणाऱ्यांनाच मिळतं. किमतीचा कागद, दिवाळीची जाहिरात यांना कॅनव्हा उत्तम, रंग दुरुस्तीला मी ते वापरत नाही. कॉम्प्युटर असेल तर ब्राउझरमध्ये चालणारं फोटोपीया फुकट आहे. गिंप हे कॉम्प्युटरवरचं फोटो एडिटर ताकदीचं आहे, पण पहिल्याच आठवड्यात त्याच्या मागे लागाल तर फोटो राहतील बाजूला.

‘फुकट’ शब्दावर भुलणे

सात दिवस फुकट म्हणत ऑटोपे मागणारं ॲप, फोटोवर स्वतःचा शिक्का मारणारं ॲप, आणि फोटो सुधारायला तुमचे कॉन्टॅक्ट मागणारं ॲप: तिन्ही काढून टाका.

फोटो चांगला, पाठवल्यावर खराब

व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं. एचडी निवडलं तरी थोडा दाबतंच. दुकानदाराला मूळ फोटो हवा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. व्हॉट्सॲपवरून परत आलेला फोटो पुन्हा एडिट करून पुन्हा पाठवणं तर मुळीच नको. जेपेग, म्हणजे मोबाइलच्या फोटोची नेहमीची फाइल, एडिट करून दर वेळी सेव्ह करताना थोडी झिजते, टाक्यांच्या कडा आधी जातात. मूळ फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये, हात न लावता ठेवा.

ॲप ठरवायचं असेल तर त्याच्या जाहिरातीतले फोटो बघू नका. घरातली सगळ्यात अवघड वस्तू घ्या: काळ्या कापडावर मरून पट्टी किंवा चकाकणारं चांदीचं कडं. तिचा एकच फोटो दोन-तीन ॲपमध्ये सुधारा, मग मोबाइल वस्तूशेजारी धरून उजेडात दोन्ही पाहा. स्क्रीनचा ब्राइटनेस मधोमध ठेवा आणि डोळ्यांना सोयीचा पिवळा मोड बंद करा, नाहीतर तुलनेला अर्थ नाही. आमच्याकडे हे काम जाऊबाईंचं. त्यांनी मान हलवल्याशिवाय फोटो पुढे जात नाही.

परत आलेली ती गोधडी पुढे भुसावळच्या एका बाईंनी घेतली. फोटो नव्याने काढला होता, आणि खाली लिहिलं होतं: मरून, फोटोपेक्षा किंचित गडद.