वर्गाची असमानता: आधी खुणा, मग बाजू

पावसाळ्यात सांगलीत एकच प्रश्न असतो, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी किती? ४५ फूट ही धोक्याची खूण. पण सामान माळ्यावर चढवायचं का, हे ठरतं पाणी त्या खुणेच्या वर आहे की खाली यावरून. क्ष² असलेली असमानता सोडवतानाही हेच करायचं असतं.

माझ्या भाचीला क्ष² < ९ दिलं, तर तिनं झटक्यात लिहिलं, क्ष < ±३. म्हटलं, −१० घालून बघ. तीनपेक्षा लहानच की तो! पण वर्ग १००. खरं उत्तर −३ < क्ष < ३.

आता मळ्यातलं गणित घेऊ. शिजवलेली हळद वाळत घालायला आयताकृती जागा आखायची आहे. चारी बाजूंना मिळून दोरी ४० मीटर, आणि जागा निदान ९६ चौरस मीटर हवी. एक बाजू क्ष धरली तर दुसरी २० − क्ष. म्हणजे

क्ष(२० − क्ष) ≥ ९६

पायरी १. सगळं डावीकडे आणा, उजवीकडे फक्त शून्य ठेवा: −क्ष² + २०क्ष − ९६ ≥ ०. क्ष² मागचा वजा त्रास देतो, म्हणून −१ ने गुणा. गुणलं की चिन्ह उलटं फिरतं:

क्ष² − २०क्ष + ९६ ≤ ०

निम्म्या पोरांचे मार्क इथंच जातात.

पायरी २. घटकाभर ≤ च्या जागी = आहे असं समजून अवयव पाडा: (क्ष − ८)(क्ष − १२) = ०. खुणा मिळाल्या, ८ आणि १२. अवयव पडत नसतील तर दहावीतलं वर्गसमीकरणाचं सूत्र आहेच.

पायरी ३. संख्यारेषेवर या खुणा केल्या की तीन तुकडे पडतात. प्रत्येकातून सोयीची एक संख्या घालून बघा. ० घातला तर ९६, धन. १० घातले तर २ × (−२) = −४, ऋण. २० घातले तर १२ × ८ = ९६, पुन्हा धन. एकच संख्या का पुरते? राशीला धनाची ऋण व्हायचं तर मध्ये शून्यातून जावं लागतं, आणि शून्य फक्त खुणांवर आहे.

आपल्याला ऋण किंवा शून्य हवं, म्हणून ८ ≤ क्ष ≤ १२. ताळा करा: ७ × १३ = ९१, जागा कमी पडते; ८ × १२ = ९६, बरोबर.

क्ष² > ५क्ष दिसलं की हात शिवशिवतात, क्ष ने भागून क्ष > ५ लिहावंसं वाटतं. भागू नका. क्ष धन की ऋण तेच माहीत नाही, मग चिन्ह फिरवायचं की नाही हे कसं ठरवणार? क्ष(क्ष − ५) > ० करा. उत्तर क्ष < ० किंवा क्ष > ५. भागलं असतं तर सगळ्या ऋण संख्या हातच्या गेल्या असत्या.

कधी खुणाच सापडत नाहीत, म्हणजे विवेचक (त्या सूत्रात वर्गमुळाखाली असणारी संख्या) ऋण येतो. मग संख्यारेषा अख्खी एकच तुकडा. क्ष² + ४ मध्ये ० घाला, ४ येतात; म्हणजे ही राशी कायम धन. क्ष² + ४ < ० विचारलं असेल, तर ‘उकल नाही’ असं बेधडक लिहा.